तंबूबाहेरचा नळ

प्रश्न (थोडक्यात): मी ३९ वर्षांचा, मूळ चिपळूणकडचा, गेली चौदा वर्षं पुण्यात आयटीत. २०२४ साली अम्मीला घेऊन हजला गेलो. मिनात, म्हणजे मक्केजवळच्या हाजींच्या तंबूंच्या वस्तीत, बीडकडचे एक चाचा आपला तंबू चुकले होते. कुठं जायचंय विचारलं की एकच सांगायचे, ‘तंबूच्या बाहेर नळ हाय.’ त्यांच्या हातातल्या कड्यावरचा नंबर दाखवत, विचारत विचारत दीड तासानं पोचवलं. परत आल्यापासून ऑफिसात मन लागत नाही. एक मित्र हज-उमरा टूरच्या धंद्यात भागीदारी देतोय. राजीनामा द्यायचा आणि पीएफचे पंधरा लाख त्यात घालायचे. पत्नी शिक्षिका आहे. ती म्हणते, ‘तुम्हाला हाजींची खिदमत करायचीय की साहेबापासून सुटका हवीय?’ घराच्या कर्जाची अजून अकरा वर्षं बाकी आहेत. काय करू?

उत्तर: तुमचा मूळ ईमेल वर छापलाय त्याच्या पाचपट आहे, आणि त्यातला बराचसा तुमच्या साहेबांवर खर्ची पडलाय. अप्रेझल, रात्री अकराचे कॉल, नोटीस पिरियडचे नव्वद दिवस. तिथं ओळीओळीला ‘मला’ आणि ‘माझं’. मिनाचा भाग जेमतेम दहा ओळींचा. त्यात तुम्ही जवळजवळ नाहीच, नुसते चाचा आहेत. एका पायातली तुटकी चप्पल, बगलेत घट्ट धरलेली पाण्याची बाटली, आणि तो नळ. मिनात एकसारख्या पांढऱ्या तंबूंच्या रांगाच रांगा, आणि नळ कुठं नाहीत? वाचताना हसू आलं आणि मग घशाशी काहीतरी अडकलं.

तेव्हा तुमच्या पत्नीच्या प्रश्नावर माझं उत्तर असं की दोन्ही खरं आहे. साहेबापासून सुटका हवीच आहे, त्यात लाजायचं काय? पण त्या दहा ओळीही खोट्या नाहीत. अडचण एवढीच आहे की मित्राची भागीदारी या दोन्हींपैकी कशाचाच इलाज नाही.

टूरवाल्याचा दिवस कसा जातो ते आधी बघून या. पासपोर्ट गोळा करा, विमानाच्या जागा धरा, हॉटेलवाल्याशी घासाघीस करा, आणि पहाटे फोन येतो की आमच्या खोलीतला एसी चालत नाही. आज साहेब एक आहे. उद्या पन्नास होतील, आणि त्यातल्या प्रत्येकानं आयुष्यभराची पुंजी भरलेली असेल. त्यांनी आवाज चढवला तर तुम्हाला उलटून बोलताही येणार नाही.

आणि पैशाचं म्हणाल तर २०२५ साल आठवा. भारताचा हजचा कोटा १,७५,०२५. त्यातल्या साधारण साडेबावन्न हजार जागा खासगी टूरवाल्यांच्या. मिनातले तंबू, मुक्काम, वाहतूक यांचे करार आणि पैसे सौदीच्या मुदतीत पुरे झाले नाहीत आणि बहुतेक जागा हातच्या गेल्या. सौदीनं नोंदणीचं पोर्टल पुन्हा उघडलं ते फक्त दहा हजार जणांपुरतं. बाकीचे बॅगा भरून घरी बसले. त्यांच्या घरी जाऊन ‘थोडं थांबा’ सांगायचं काम कुणावर आलं असेल? तुमच्यासारख्याच एखाद्या नव्या भागीदारावर.

मित्राला एक गोष्ट स्पष्ट विचारा. अल्पसंख्याक मंत्रालयाची हज टूरची नोंदणी त्याच्या स्वतःच्या नावावर आहे, की तो दुसऱ्या कुणासाठी पासपोर्ट गोळा करतो? तुम्ही गेलात त्याच वर्षी उन्हानं तिथं १,३०० हून जास्त माणसं दगावली. बहुतेक परवान्याशिवाय आलेली, ज्यांच्या वाट्याला ना तंबू होता ना थंड बस. त्यातल्या कितीतरी जणांना कुणीतरी ‘सगळं होतं हो, काळजी नको’ म्हणूनच पाठवलं होतं.

सरकारी वाट तुमच्यासाठी बंद आहे, तेही सांगून टाकते. हाजींच्या मदतीला सोबत जाणारे, आपण ज्यांना खादिमुल हुज्जाज म्हणायचो, ते आताचे स्टेट हज इन्स्पेक्टर, सरकारी नोकरांतूनच निवडतात.

मग राहतं काय? माझे अब्बा मुंबईच्या गोदीत कारकून होते. हजची जहाजं मुंबईहून जेद्दाला जायची, १९९५ पर्यंत. जहाज सुटायच्या आठवड्यात ड्युटी संपली की अब्बा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात जायचे आणि हाजींच्या पत्र्याच्या ट्रंकांवर ब्रशनं नाव, गाव, जिल्हा रंगवायचे. रात्री जेवायला बसले की नखांत पांढरा रंग. अम्मी करवादायची. नोकरी त्यांनी निवृत्तीपर्यंत केली, आणि नोकरीबद्दल कुरकुरही निवृत्तीपर्यंत केली.

तुमच्या हाताशी तसं काम आजही आहे. हज कमिटी दरवर्षी प्रशिक्षक घेते आणि गावोगावी शिबिरं होतात. स्टेजवर भाषण करायला माणसं पुष्कळ मिळतात. कमी पडतो तो मागच्या रांगेत बसून सत्तरीच्या आजोबांना एहरामची, म्हणजे हजच्या बिनशिवल्या कपड्यातली, लुंगी घसरू नये म्हणून पट्टा कसा बांधायचा ते दाखवणारा, तवाफचे, म्हणजे काबाभोवतीचे, सात फेरे बोटांवर मोजायला लावणारा, फोनमध्ये हज सुविधा अ‍ॅप टाकून देणारा. आणि मराठीत सांगणारा! चाचांना कुणीतरी इथंच सांगितलं असतं की नळ नको, खांबावरचा नंबर लक्षात ठेवा, तर तो दीड तास वाचला असता.

एक हंगाम हे करा, पगार चालू ठेवून. साहेब असह्यच असतील तर दुसरी नोकरी शोधा. तो वेगळा प्रश्न आहे, त्यात हाजींना ओढू नका. कर्जाचं तर तुम्हाला मी काय सांगू. हज फर्ज, म्हणजे बंधनकारक, होतो तोच मुळी ज्याच्याकडे प्रवासखर्च आहे आणि मागे राहिलेल्यांच्या पोटाची सोय आहे त्याच्यावर. खिदमतीला त्याहून सैल नियम कसा लागेल?

आणि पहिल्या शिबिराला पत्नीला बरोबर न्या. २०१८ पासून पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका मेहरमशिवाय, म्हणजे नवरा किंवा जवळचा पुरुष नातेवाईक सोबत नसताना, चारचौघींच्या गटानं हजला जाऊ लागल्या आहेत. पाळी आली तर तवाफचं काय, औषध घेतलं तर चालतं का, एहरामात केसांचं काय करायचं, हे त्या माईकवरच्या मौलानांना विचारत नाहीत. शिकवणं ज्यांच्या हातात मुरलंय अशा बाईभोवती दहा मिनिटांत घोळका जमतो, मी पाहिलंय. घरी येताना पत्नी काय म्हणतात ते मला कळवा. तोवर पंधरा लाखांना हात लावू नका.