ओसाका: पोटात जागा ठेवून जा

बाळा,

तुझा मेसेज वाचला आणि ती यादी पण बघितली. टोकियोचं ऑफिसचं काम संपवून तीन रात्री ओसाकात, आणि त्या तीन रात्रींत क्योटो, नारा, कोबे, युनिव्हर्सल स्टुडिओ, किल्ला, शिवाय खाण्याच्या बावीस जागा. मला फार आनंद झालाय की तू तिकडे चाललायस, त्या शहराने मला चार वर्षं सांभाळलंय, म्हणूनच स्पष्ट सांगते, यादीतलं अर्धं आत्ताच खोडून टाक.

आधी जेवणं मोज. शुक्रवारी संध्याकाळी पोचणार, सोमवारी दुपारी निघणार, म्हणजे एक रात्रीचं जेवण, मग दोन पूर्ण दिवस, आणि शेवटचा नाश्ता, सगळी मिळून आठ. बाकी प्लॅन या आठांभोवती लाव. क्योटो ट्रेनने अर्ध्या तासावर आहे म्हणून सगळे तिकडे पळतात आणि ओसाकात फक्त झोपायला येतात, दमून येतात, आणि हॉटेलखालच्या दुकानातला राइस बॉल खाऊन झोपतात, असं मी कितीतरी पाहुण्यांचं बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय. क्योटोसाठी पुन्हा जा, वेगळं.

जपानीत एक जुनी म्हण आहे, क्योटोचा माणूस कपड्यांपायी कंगाल होतो आणि ओसाकाचा खाण्यापायी. त्याला तिकडे 'कुइदाओरे' म्हणतात. हे नुसतं कौतुक नाहीये, त्यामागे व्यापार आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, देशभरच्या सरदारांची तांदळाची गोदामं इथे नदीकाठी होती, दोजिमाच्या बाजारात 1730 पासून तांदळाचे वायदे व्हायचे, म्हणून शहराला 'देशाचं स्वयंपाकघर' म्हणायचे. आणि उत्तरेकडून, होक्काइदोवरून, जहाजं कोम्बू घेऊन यायची. कोम्बू म्हणजे समुद्रातलं जाड वाळवलेलं शेवाळ, त्याचं पाणी म्हणजे इथल्या रश्शाचा पाया. टोकियोत उदोनचा, म्हणजे जाड नूडल्सचा, रस्सा काळपट असतो, सोया सॉसचा, ओसाकात तो फिकट, जवळजवळ पारदर्शक, आणि पहिल्या घोटाला वाटतं काहीच नाहीये यात, मग हळूहळू चव उघडत जाते. शनिवारी सकाळी पहिलं काम हेच कर, कित्सुने उदोन. वर गोडसर शिजवलेल्या तळलेल्या तोफूचा मोठा तुकडा असतो, कित्सुने म्हणजे कोल्हा, त्याला हा तोफू आवडतो अशी तिकडची समजूत. वाडगा उचलून रस्सा प्यायचा, लाजायचं नाही.

टोकियोहून शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने जा, नोझोमी गाडी, अडीच तास. उजव्या बाजूची खिडकी माग, ई नंबरची सीट, हवा स्वच्छ असेल तर पाऊण तासाने फुजी दिसतो. रेल्वे पास घेऊ नको, 2023 च्या ऑक्टोबरात त्याचा सात दिवसांचा भाव पन्नास हजार येन झाला, तुझ्या एका फेरीला परवडत नाही. शिन-ओसाकाला उतरून मेट्रोची मिदोसुजी लाइन पकड, पंधरा एक मिनिटांत नाम्बा, शहराचा मधला भाग. राहायचं नाम्बातच, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत, कारण रात्री बारा साडेबाराच्या सुमारास गाड्या बंद होतात आणि तुला रात्रीच जास्त फिरायचंय. एस्कलेटरवर इथे उजवीकडे उभं राहतात, टोकियोच्या उलट, पहिल्या दिवशी गोंधळ होतो.

आता खाण्याचं. माझी पहिली संध्याकाळ कशी वाया गेली ते सांगते. दुपारी पोचले, भूक लागलेली, कुठल्यातरी खूप गाजलेल्या दुकानासमोर तास सव्वा तास रांगेत उभी राहिले आणि आत गेल्यावर सगळा राग काढावा तसं पूर्ण ओकोनोमियाकी, म्हणजे कोबीचं जाड धिरडं, वर नूडल्स, वर भात असं खाल्लं. बाहेर आले तर अख्खं दोतोनबोरी, खाण्याच्या दुकानांचा तो भाग, समोर उजळलेलं, वास सुटलेले, आणि पोटात कणभर जागा नाही. त्या रात्री मी नुसती बघत फिरले, अजून हळहळ वाटते. म्हणून नियम, एका ठिकाणी एकच पदार्थ, शक्य तर दोघांत एक प्लेट, आणि मग चाल. आणि वीस मिनिटांपेक्षा मोठी रांग असेल तर पुढच्या गल्लीत जा, खरंच, तिथलं पण चांगलंच असतं, या शहरात वाईट दुकान फार दिवस टिकत नाही.

ताकोयाकीचं भांडं बघितलंस की तुला आजीचं आप्पेपात्र आठवेल. आत ऑक्टोपसचा तुकडा, बाहेरून जेमतेम कडक, आतून अगदी पातळ आणि भयंकर गरम, अख्खा गोळा तोंडात टाकू नको, काडीने फोडून वाफ जाऊ दे. हा प्रकार 1935 साली इथेच सुरू झाला, त्याआधी अशा गोळ्यांत बीफ घालायचे, मग जवळच्या आकाशी शहराकडून ऑक्टोपसची कल्पना आली. ओकोनोमियाकी म्हणजे आपल्या धिरड्याच्या जातीतलं, पण भरपूर कोबी आणि पिठात माशाचं पाणी. इकडे लोक ते भाताबरोबर खातात, बाहेरचे नाक मुरडतात, पण वडापाव खाणाऱ्याला त्यात काय वावगं वाटणार.

कुशिकात्सु खायला शिनसेकाईत जा, त्सुतेनकाकु टॉवरच्या आसपास. काडीला लावून तळलेलं सगळं, कांदा, कमळकंद, शतावरी, चीज, मांस. सॉसचं भांडं सगळ्यांचं एकच असेल तर एकदाच बुडवायचं, चावा घेतल्यावर परत नाही, सॉस कमी पडला तर कोबीच्या पानाने घ्यायचा. हल्ली बऱ्याच ठिकाणी बाटली ठेवतात, बघून घे.

आणि हे नीट वाच, कारण तू बीफ खात नाहीस हे मला माहितेय. ओसाकात नुसतं 'निकु' म्हटलं की बीफ. म्हणूनच पोर्कच्या गरम बनला इथे वेगळं 'बुतामान' म्हणतात. आणि कुशिकात्सुच्या काही दुकानांत तळायला बीफची चरबी वापरतात, काडी भाजीची असली तरी. बसायच्या आधी विचार. तुझ्याबरोबरची मैत्रीण शुद्ध शाकाहारी आहे म्हणालास, तिच्यासाठी तर फोनवर जपानीत लिहूनच ठेव, की मांस नको, मासे नको, माशाच्या पाण्याचा रस्सा पण नको. त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण कोम्बूच्या जोडीला माशाचं पाणी असलेला तो रस्सा उदोनमध्ये असतो, सूपमध्ये असतो, उकडलेल्या भाजीत पण असतो आणि ते लोक त्याला मासा मानतच नाहीत. म्हणजे वर कौतुक केलेलं उदोनसुद्धा तिला चालणार नाही. तिची दोन जेवणं भारतीय किंवा व्हीगन हॉटेलात आधीच बुक करून टाक, उपाशी माणसाला शहर आवडत नाही.

रविवारी तेनजिनबाशिसुजी. कुरोमोन मार्केट सगळे सांगतील, सकाळी एक चक्कर मार, पण तिथे आता भाव टुरिस्टांचे आहेत. तेनजिनबाशिसुजी म्हणजे छपराखालचा बाजार, अडीच किलोमीटरच्या वर लांब, पाऊस असो ऊन असो. सहाव्या चोमेच्या, म्हणजे सहाव्या भागाच्या, स्टेशनला उतर, तिथेच वर एका इमारतीत जुन्या ओसाकाची अख्खी गल्ली उभी केलेलं म्युझियम आहे, ते बघ, आणि मग दक्षिणेकडे चालत सुट. चहाची दुकानं, सुऱ्या, चपला, म्हाताऱ्या बायका सायकलवर, क्रोकेट, म्हणजे बटाट्याचे कटलेट, तळणारा माणूस. हातात गरम क्रोकेट घेऊन दुकानाच्या बाजूलाच उभं राहून खा, कागद त्यांनाच परत दे, रस्त्यात कचऱ्याचा डबा मिळत नाही. दुपारी दोन ते पाच बरीच हॉटेलं बंद असतात, ती वेळ या चालण्यासाठीच.

रविवारी रात्री दोतोनबोरीचा गोंगाट झाला की मागच्या होझेनजी गल्लीत शिर. दगडी फरशी, कंदील, आणि एक मूर्ती जिच्या अंगावर पूर्ण शेवाळ चढलंय, कारण लोक येता जाता तिच्यावर पाणी घालतात. ती फुदो म्यो-ओची, म्हणजे संस्कृतातला अचल. मी पहिल्यांदा पळी उचलून पाणी घातलं तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी मान डोलावली, आणि मला घरून निघाल्यापासून पहिल्यांदा परकं वाटेनासं झालं. तू पण घाल.

छोट्या बारमध्ये बसल्या बसल्या न मागता एक लहान प्लेट आणून ठेवतील, बिलात तिचे काही शे येन लागतील, ती तिथली पद्धत आहे, वाद घालू नको. टिप कुठेच नाही. रोख जवळ ठेव, लहान दुकानांत दाराशीच मशीनमधून कूपन काढावं लागतं. निघताना 'गोचिसोसामा', म्हणजे जेवणाबद्दल धन्यवाद, म्हण, म्हातारे दुकानदार 'ओओकिनी' म्हणतील, ते त्यांचं खास ओसाकाचं धन्यवाद.

सोमवारी सकाळी बाहेर काही शोधत बसू नको, हॉटेलजवळच्या जुन्या कॉफी शॉपमध्ये जाड टोस्ट आणि अंडं खा. आणि बॅगेत जागा उरली तर माझ्यासाठी खारवलेला कोम्बू आण, साधाच, चौकोनी तुकड्यांचा, डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात मिळतो. गरम भातावर मला अजून तोच लागतो.

तुझी,
मावशी