बेने इस्राएलींचे सण समजून घ्यायचेत? मग मराठी नावांपासून सुरू कर

हिब्रू शब्दांची यादी पाठ करत बसू नकोस, कंटाळशील. कोकणातल्या बेने इस्राएलींनी, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, सणांना काय नावं दिली ते आधी बघ. रोश हाशाना, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, तो नव्याचा सण. योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, तो दरफाळणीचा, कारण त्या दिवशी पूर्वी दारं लावून घरातच उपास करत. आणि तीशा बआव, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस, तो चक्क बिरड्याचा सण! वालाचं बिरडं आणि शोक. इतिहास असा ताटातून कळतो.

त्यांचं ‘शनवार तेली’ हे जुनं नावही तसंच: धंदा तेल गाळायचा, पण शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून त्या दिवशी तेल गाळत नसत.

मलिद्याचं, म्हणजे त्यांच्या नैवेद्याच्या विधीचं, आमंत्रण आलं तर चुकवू नकोस. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं मांडलेली, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं स्मरण. आधी प्रार्थना, मग खाणं. घाई करू नकोस. जमलं तर अलिबागजवळ खंडाळ्याला जाऊन एलियाहूचा खडकही बघून ये.

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, डोकं झाकून जा. शनिवारी मोबाइल बाहेरच काढू नकोस. मी एकदा फोटो काढायला गेलो आणि एका आजोबांनी शुद्ध कोकणी हेलात झापलं.