भावाला किडनी द्यायला नको म्हणलं तर मी वाईट का?

हा प्रश्न मला सारखा येतो, शब्द फक्त बदलतात. कुणी म्हणतं "मिस्टरांना द्यायचीच आहे हो, पण भीती वाटते", कुणी म्हणतं "सासूबाई म्हणाल्या तुझा ग्रुप जुळतोय ना मग विषय संपला", आणि बहिणी तर बऱ्याचदा काहीच बोलत नाहीत, नुसत्या फाइल मांडीवर धरून बसतात. मी एका हॉस्पिटलात ट्रान्सप्लांटच्या पेशंटचं आणि डोनरचं समुपदेशन करते. त्यातली एक केस लिहिते, नाव गाव आणि ओळखू येईल असं सगळं बदललंय.

सुनीता म्हणू तिला. पस्तिशीच्या आतली, सांगलीकडची, नवऱ्याचा टेम्पो, घरी शिलाई मशीन, एक मुलगी. माहेरी आई आणि दोन भाऊ, त्यातल्या धाकट्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्याला तीन डायलिसिस, दर खेपेला चार तास मशीनवर. आईला शुगर म्हणून ती बाद. धाकट्याची बायको बी पॉझिटिव्ह आणि तो ओ, ओवाल्याला सरळ चालते ती ओचीच, म्हणून तीही बाद. सुनीता ओ. झालं, घरात ठरलं. फाइलीत मी बघत होते तर नातेवाइकांच्या तक्त्यात थोरल्या भावाच्या नावापुढे ब्लड ग्रुपचा रकाना कोरा. विचारलं तर आई म्हणाली "त्याच्यावर सगळं घर चालतंय हो मॅडम." ग्रुप काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी सगळं खटलं आलं होतं आणि सुनीता सोडून सगळे बोलत होते. मी बाकीच्यांना चहा प्यायला पाठवलं. हे मी उगाच करत नाही, अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे, त्यात २०११ ला दुरुस्ती झाली, आणि २०१४ च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची, तिची स्वतःची संमती आहे का ह्याची खात्री पेशंट सोडून दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यायची. नियम करणाऱ्यांना आपली घरं माहीत होती असं मला हे वाचताना दर वेळी वाटतं.

तर दार लावलं, फॉर्म तिच्यापुढे ठेवला, तिने एकेका ओळीवर बोट फिरवत सगळा वाचला, मागचं पानपण उलटून बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, ह्यात नाही लिहायला जागा कुठाय?"

खरंच नसते. फॉर्म असतो तो देणाऱ्याचा. मी तिला सांगितलं की न देणाऱ्याला काहीच लिहावं लागत नाही, कारण सांगावं लागत नाही, आणि आज सही केली तरी ऑपरेशनच्या टेबलावर भूल देईपर्यंत ती सही मागे घेता येते. तेव्हा ती रडली नाही वगैरे, उलट चिडली. म्हणाली, "बाबा गेले तेव्हा हक्कसोडीवर सही घेतली माझी. साडी नेसवली आणि म्हणले तू आता त्या घरची. वाटणीच्या टायमाला मी परकी आणि किडनीच्या टायमाला रक्ताची होय?" २००५ पासून लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हिस्सा आहे हे तिला माहीत होतं, सही करतानाही माहीत होतं. माहेर तुटायला नको म्हणून केली होती.

आता इथं लगेच कुणीतरी म्हणेल की म्हणजे ती सूड उगवत होती. अजिबात नाही. धाकट्यावर तिचा जीव होता, त्याला लहानपणी कडेवर घेऊन हिंडलेली ती. तिला भीती होती की नको म्हणलं आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर सगळे आयुष्यभर तिच्याच नावाने खडे फोडतील. आणि दुसरी भीती म्हणजे तिला अजून एक मूल हवं होतं. हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा अर्धवटच.

मी माहिती देताना कुणाच्या बाजूने देत नाही, जशी आहे तशी देते. ज्याची तब्येत नीट तपासून घेतलीय असा माणूस एका किडनीवर व्यवस्थित जगतो, हल्ली दुर्बिणीतून काढतात, चार-पाच दिवसांत घरी जातो, पुढे महिना-दीड महिना जड उचलायचं नाही, आणि वर्षातून एकदा बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का ते दाखवणारी रक्ततपासणी, करायची ती जन्मभर. पण किडनी दिल्यावर दिवस गेले तर बीपी वाढण्याचा धोका जास्त असतो. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या बायकांचा अभ्यास २०१५ साली छापून आला, त्यात किडनी दिलेल्यांच्या ११ टक्के गरोदरपणांत बीपीचा त्रास झाला आणि न दिलेल्यांच्या ५ टक्के. म्हणजे बहुतेकींचं नीटच पार पडलं, पण धोका दुप्पट हेही खरं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं कारण मूल हवंय का असं तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता घेतलेली संमती म्हणजे माझ्या लेखी नुसती शाई.

मी धाकट्यालाही एकट्याला भेटले, डायलिसिस चालू असतानाच, शेजारी स्टूल ओढून. तो म्हणाला "ताईला नको त्रास, पण घरात माझं कोण ऐकतंय, मी तर पेशंट." हे मी इतक्यांदा ऐकलंय. ज्याचा आजार त्याच्या नावाने सगळे ठरवतात पण त्याला विचारत कुणी नाही.

थोडं आडवळण घेते. १९६२ ला अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये डायलिसिसचं सेंटर सुरू झालं तेव्हा मशीन मोजकी आणि पेशंट ढीगभर, म्हणून सात लोकांची कमिटी बसवली, त्यात एक पाद्री, एक वकील, एक बँकवाला, एक गृहिणी, एक कामगार पुढारी, एक सरकारी अधिकारी आणि एक सर्जन. पेशंटचं नाव न सांगता फक्त माहिती यायची आणि ते ठरवायचे मशीन कुणाला. लग्न झालंय का, नोकरी काय, कमाई किती, चर्चला जातो का, हे सगळं त्यांनी धरलं. लाइफ मासिकात त्याच वर्षी ते छापून आलं तेव्हा लोक हादरले, की जगायचं कुणी हे 'समाजाला उपयोगी कोण' ह्यावर ठरतंय. १९७२ ला तिथल्या सरकारने डायलिसिसचा खर्च मेडिकेअर ह्या सरकारी विमा योजनेत घेतला तेव्हा कुठे हा प्रश्न मिटला. मी हे सांगते कारण तीच कमिटी आपल्या घराघरात दिवाणावर बसलेली असते. कमावता वाचला पाहिजे, कमावत्याला हात लावायचा नाही, मग उरली कोण? घरकाम करणारी, शिवणकाम करणारी. ज्यात जास्तीत जास्त लोकांचं भलं ते करा हे गणित ऐकायला गोड लागतं, पण त्या गणितात बाईच्या मशीनवरच्या कमाईला आणि तिच्या शरीराला नेहमी कमीच मार्क पडतात.

पुढच्या वेळी सगळ्यांना एकत्र बसवलं, थोरला आणि त्याची बायकोही होती. जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ ला मांडलेली एक कल्पना मी थोडी मोडतोड करून वापरते, त्यांना रॉल्सबिल्स सांगत नाही. मी म्हणाले, समजा तुम्हाला कुणालाच माहीत नाही की उद्या सकाळी उठल्यावर तुम्ही ह्या घरात कोण असणार, थोरला असाल, सून असाल, लग्न होऊन गेलेली बहीण असाल किंवा आजारी माणूसच असाल, तर आज रात्री किडनीचा नियम काय कराल? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग थोरल्याची बायको म्हणाली, "आधी सगळ्यांची तपासणी, मग बोलणं." थोरला तिच्याकडे बघतच राहिला. तिने लगेच जोडलं की आमची पोरं लहान आहेत, त्यावर सुनीता पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली, "माझी कुठं मोठी झालीय?"

सुनीताने आत्ता द्यायची नाही असं ठरवलं, मग घरच्यांना द्यायच्या पत्राचा मुद्दा आला. डोनर मनातून तयार नसेल तर ट्रान्सप्लांट टीम बऱ्याचदा घरच्यांना पत्रात एवढंच सांगते की हा डोनर योग्य नाही, कारण देत नाही. आमच्याकडच्या एका तरुण डॉक्टरचं म्हणणं होतं की हे खोटं बोलणं झालं. मला तसं वाटत नाही, जो मनाविरुद्ध देतोय तो माझ्या दृष्टीने डोनर म्हणून योग्य नाहीच, बीपी वाढलेला जसा नाही तसा. पण ह्या पत्राची मला दुसरीच अडचण वाटते. एक तर बाईच्या अंगाला 'अनफिट' शब्द चिकटतो, सासरी लगेच कुजबुज की हिच्यातच काहीतरी दोष निघाला, आणि दुसरं म्हणजे सगळा दोष शरीरावर ढकलला की घरच्यांना स्वतःला काहीच विचारावं लागत नाही. सुनीताने 'अनफिट' नको म्हणून सांगितलं. तिच्याशी बोलून आम्ही वाक्य ठरवलं, की ह्या डोनरचं काम सध्या थांबवलं आहे, कारण गोपनीय. आईला तिने स्वतः फोन करून सांगितलं की आत्ता मी देत नाहीये. आई काही दिवस बोलली नाही तिच्याशी. हे होतं, ह्यावर माझ्याकडे औषध नाही, आणि समुपदेशनाला आलात म्हणजे घरात सगळं गोडगोड होईल असं मी कुणाला सांगत नाही.

आता ज्यांना वाटतं की मी नको म्हणलं म्हणजे तो मेलाच, त्यांच्यासाठी. नको म्हणलं तर पेशंटसमोर रस्ते उरतात, फक्त ते कुणीतरी धरावे लागतात, आणि बऱ्याच घरांत बहीण नाहीतर बायको हाताशी आहे म्हणून ते कुणी धरतच नाही. ह्या भावाचं नाव ब्रेनडेड डोनरच्या वेटिंग लिस्टवर लावलंच नव्हतं! आपल्याकडे ते झेडटीसीसीकडे, म्हणजे अवयववाटप बघणाऱ्या विभागीय केंद्राकडे लागतं, मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार आहेत, नाव हॉस्पिटलमार्फत जातं आणि डायलिसिसवर जितके महिने जास्त तितके गुण वाढतात. स्वॅपही कायद्यात २०११ पासून आहे, म्हणजे देणारा-घेणारा अशा दोन जोड्यांत डोनरची अदलाबदल, पण ओ ग्रुपच्या पेशंटला त्यात जोडी मिळणं अवघड असतं हे आधीच सांगते, कारण ओवाला डोनर स्वतःच्या माणसाला सरळच देऊ शकतो, तो अदलाबदलीत कशाला येईल. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आहे आणि ट्रान्सप्लांटसुद्धा, त्याची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केलीय, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं. पण गावाहून आठवड्याला तीनदा यायचं-जायचं भाडं, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, आणि ट्रान्सप्लांटनंतर शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या जन्मभर, ह्याचा हिशेब आधी करा. किडनी मिळाली की सुटलो असं धरून चाललेली घरं नंतर गोळ्या अर्ध्यावर सोडतात आणि दिलेली किडनी वाया जाते, हे मी बघितलंय आणि त्याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही, कारण मग देणारीचंही गेलं आणि घेणाऱ्याचंही.

तर सुनीताताईंसारख्या अडकलेल्या कुणी वाचत असाल तर हॉस्पिटलात गेल्यावर समाजसेवा अधीक्षक नाहीतर ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर गाठा आणि सांगा की मला एकटीला बोलायचंय. पेशंटचे डॉक्टर आणि तुमचे डॉक्टर वेगळे असावेत असाही आग्रह धरा. आणि ज्यांना मनापासून द्यायची आहे त्यांनी खुशाल द्या, मी अशा बायका बघितल्यात की वर्षभराने पेढे घेऊन येतात, त्यांचं कौतुकच आहे. माझं भांडण देण्याशी नाहीये, न विचारता गृहीत धरण्याशी आहे.

पुढचं काय झालं हे तुम्ही विचारालच. धाकट्याचं नाव लिस्टवर लागलं, डायलिसिस चालू आहे, तालुक्याच्या ठिकाणी जागा मिळाल्याने जायचं-यायचं कमी झालंय. सुनीता मध्ये एकदा मुलीला घेऊन येऊन गेली, विचार बदलला तर परत फाइल उघडता येते का विचारत होती, म्हणलं येते. आणि मागच्या आठवड्यात ओपीडीत थोरला आला, एकटाच, स्वतःची नवी फाइल घेऊन, ग्रुप ओ निघालाय. बायकोला सांगितलेलं नव्हतं. दारातच म्हणाला, मॅडम, मी जे बोलेन ते घरी कळणार नाही ना?

नाही कळणार म्हणलं आणि दार लावलं. काय बोलला ते इथंही लिहीत नाही, तोही आता डोनरच्याच खुर्चीत बसलेला आहे.