वाचकांचे प्रश्न: नकाशा हिरवा, मग कॉल का तुटतो?

प्रश्न: नव्या ऑफिसात वायफाय बसवण्याआधी आम्हाला सॉफ्टवेअरवर काढलेला सिग्नलचा रंगीत नकाशा मिळाला. सगळीकडे हिरवा. प्रत्यक्षात कोपऱ्यातल्या मीटिंगच्या खोलीत कॉल तुटतो आणि लॅपटॉप जरासा सरकवला की पुन्हा लागतो. खिडकीतून मोबाइलचा टॉवर समोर दिसतो, तरी फोनला रेंज जेमतेम. असली गणितं खोटीच म्हणायची का?

उत्तर: खोटी म्हणू नका. मी बरीच वर्षं हे नकाशे काढते आणि हातात सिग्नल मोजणारा मीटर घेऊन तपासतेही. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. फक्त त्यात काय भरलंय, ते आधी विचारून घ्यायचं.

लॅपटॉपचं आधी सांगते. टेबलापाशी एकच लहर येत नाही. एक थेट येते, एक छतावरून उसळून, एक लोखंडी कपाटावर आपटून. त्या एका तालात आल्या तर जोर वाढतो, उलट्या तालात आल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात आणि तिथे सिग्नलचा खड्डा पडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, त्यामुळे एका खड्ड्यापासून दुसरा खड्डा सुमारे सहा सेंटीमीटरवर, म्हणजे चार बोटांवर असू शकतो. नकाशातला एक चौकोन बहुधा त्याहून कितीतरी मोठा असतो. तो त्या जागेची सरासरी दाखवतो, आणि सरासरी चांगली असूनही तुमचा लॅपटॉप नेमका खड्ड्यात बसलेला असतो.

आता टॉवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे पाव उरतो. हे रेडिओ अभियंते फ्रीस यांच्या १९४६च्या सूत्रातून निघतं आणि इथे सहसा कुणी चुकत नाही. चूक होते भिंतीत आणि काचेत. एका इमारतीत मॉडेल, म्हणजे नकाशामागचं गणित, म्हणत होतं उणे ७० डीबीएम (हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर), माझा मीटर दाखवत होता उणे ९६. २६ डेसिबलचा फरक, म्हणजे ताकद चारशे पटीने कमी! मी दोनदा मीटर बदलला. मग खिडकी उघडली आणि आकडा झपकन वर आला. काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ लेप होता. डोळ्याला काच स्वच्छ, रेडिओलहरींना मात्र जवळजवळ पत्रा. मॉडेलमध्ये ती ‘साधी काच’ म्हणून भरली होती. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.२०४० शिफारशीत काँक्रीट, वीट, लाकूड, काच यांचे गुणधर्म दिलेले आहेत, आणि ते चांगले आहेत. पण तुमच्या खिडकीत काय बसवलंय ते तुम्हालाच बघावं लागतं.

तुम्हीही बघू शकता. अंधार पडल्यावर काचेजवळ काडी पेटवून धरा. दुपदरी काचेत चार ज्योती दिसतील. त्यांतली एक वेगळ्या रंगाची दिसली, तर लेप आहे.

प्रश्न: बाहेरच्या टॉवरसाठी वापरतात ते हाटा सूत्र इमारतीच्या आत चालेल का? (दुसऱ्या एका पत्रातून)

उत्तर: नाही. ओकुमुरा यांनी टोकियो परिसरात केलेली सिग्नलची मोजमापं १९६८ साली प्रसिद्ध झाली, हाटा यांनी १९८० साली ती सूत्रात बसवली. ते १५० ते १५०० मेगाहर्ट्झ आणि १ ते २० किलोमीटर अंतरासाठी आहे. वीस मीटरच्या दालनात त्याला काही अर्थ नाही. आत एकेक भिंत आणि मजला मोजणारं मॉडेल घ्या, किंवा आराखडा नीट असेल तर किरणांचा माग काढणारं.

पहिल्या वाचकांना एक काम सांगते. पंधरा-वीस जागा निवडा. प्रत्येक जागी मीटर हातभर इकडेतिकडे हलवत दहा वाचनं घ्या, म्हणजे चार बोटांचे खड्डे सरासरीत भरून निघतील. मग नकाशातला आकडा वजा करा. फरक कुठे वर, कुठे खाली असा पाच-सहा डेसिबलचा असेल तर मॉडेल ठीक आहे, त्याच्या मागे लागू नका. एखाद्या भिंतीपलीकडच्या सगळ्याच जागी सिग्नल कमी भरला, तर त्या भिंतीचा आकडा चुकलाय. तो बदलून नकाशा पुन्हा काढायला सांगा, आणि या वेळी मीटिंगच्या खोलीचं दार बंद धरून.