वय 31, लग्न झालेलं, एक मुलगी आहे. नागपुरातून मिस युनिव्हर्ससाठी प्रयत्न करता येईल का?

करता येईल, ताई. विवाहित आणि आई असलेल्या स्पर्धकांना मिस युनिव्हर्सनं 2023 पासून दार उघडलं, आणि 28 वर्षांची वयोमर्यादा 2024 च्या स्पर्धेपासून काढली. कागदावरच नाही बरं का! 2023 ला एल साल्वादोरमध्ये कोलंबियाची कॅमिला अवेला ही एका मुलीची आई थेट पहिल्या पाचांत होती. 2024 ला मेक्सिकोत माल्टाची बिअट्रिस न्जोया चाळिशीत मंचावर उतरली.

मिस वर्ल्डचा मात्र नाद सोडा. ती स्पर्धाच वेगळी, तिथं अविवाहित मुलीच चालतात. फेमिना मिस इंडियाचा रस्ता तिकडेच जातो, म्हणून तोही बाद.

तुमच्यासाठी रस्ता मिस युनिव्हर्स इंडियाचा. चालू वर्षाचे नियम आणि महाराष्ट्राची निवड कशी होते, हे त्यांच्या अधिकृत पानावरच बघा. धरमपेठ, सदरकडच्या हॉटेलांत ‘मिसेस अमुकतमुक’ भरवणारे बरेच असतात; मुकुट, सॅश, फोटो सगळं मिळतं, पण तिथून थेट आंतरराष्ट्रीय मंचावर कुणी नेत नाही. प्रवेश फी भरण्याआधी एवढंच विचारा: राष्ट्रीय स्पर्धेशी लेखी करार आहे का? उत्तर गोलगोल आलं की पैसे खिशातच ठेवा.