न्हाणीतल्या मुंग्या

«ताई, विट्याजवळच्या गावातून लिहितेय. वय ४३. मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कोइमतूरला दुकान आहे. वर्षातून दोनदा येतात, दिवाळीला आणि चैत्रात जत्रेला. इथं मी, सासूबाई, मुलगा आणि वीस गुंठे द्राक्षबाग. आषाढापासून माझ्या अंगावर पांढरं जातंय, दह्याच्या गुठळ्यांसारखं. वास नाही, पण रात्री खाजेनं झोप लागत नाही, लघवीला आग होते. मेडिकलमधून ती एकदाच घ्यायची गोळी आतापर्यंत चारदा घेतली. आठ-दहा दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात उष्णता आहे. जाऊ म्हणते, परमुलखातल्या माणसाचा काय भरवसा. स्वच्छतेत मी कमी पडत नाही. रोज दोनदा जंतुनाशकाच्या पाण्यानं आतपर्यंत धुते, न्हाणीत मुंग्यांची रांग लागते म्हणून फिनेलही टाकते. तीन आठवडे मालकांचा फोन उचललेला नाही. त्यांना सरळ विचारू का?»

मालकांना काय विचारायचं ते राहू दे. मुंग्या न्हाणीत नेमक्या कुठं लागतात ते आधी बघ. न्हाणीत कुणी गुळाची ढेप ठेवत नाही. लघवी पडते तिथंच रांग लागत असेल, तर त्या लघवीत साखर असण्याची दाट शंका घ्यायची. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती धरून ठेवता येत नाही, लघवीवाटे सांडते. माणसाला कळायच्या आधी मुंगीला कळतं, आणि तू तिच्यावर फिनेल ओततेस!

आता तुझी गोळी का टिकत नाही ते ऐक. तू सांगतेस ती लक्षणं बुरशीची आहेत. ही बुरशी थोड्या प्रमाणात पुष्कळ बायकांच्या योनिमार्गात असते आणि गप्प असते. साखर वाढली की तिला खायला मिळतं आणि अंगाची प्रतिकारशक्ती ढिली पडते. तुझ्या बागेतल्या भुरीचं, द्राक्षावरच्या त्या पांढऱ्या बुरशीचं, उदाहरण घे. पानांची गर्दी तशीच ठेवून नुसती फवारणी केलीस तर आठ दिवसांनी भुरी परत दिसणारच. चार गोळ्या म्हणजे चार फवारण्या झाल्या, गर्दी मात्र तशीच आहे. आणि चौथी गोळी घेईपर्यंत एकदाही रक्त तपासावंसं वाटलं नाही? पानावर डाग दिसला तर तू त्याच दिवशी पान तोडून कृषी सेवा केंद्रात नेऊन दाखवतेस.

ते आतपर्यंत धुणं आज, या घटकेला बंद कर. योनिमार्गात चांगले जिवाणू असतात, ते आंबटपणा राखतात आणि त्या आंबटपणामुळे बाकीचे जंतू दबून राहतात. जंतुनाशकानं तू त्यांनाच मारतेस, वर कातडी सोलवटून घेतेस. लघवीला आग होते त्यातली बरीचशी तिथलीच असणार. बाहेरून साधं पाणी, पुढून मागं. बस. खाजेची म्हणून मेडिकलमध्ये मिळणारी मलमंही लावू नकोस. त्यांतल्या पुष्कळांत स्टेरॉईड असतं. खाज थांबते आणि खाली बुरशी पसरते. चड्ड्या सुती घाल आणि लाजून साडीखाली वाळत घालू नकोस, उन्हात घाल. बागेतून भिजून आलीस की आधी कपडे बदल, चहा नंतर.

उद्या सकाळी काही न खाता प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रात्रीच्या जेवणानंतर निदान आठ तास पोटात काही नको, पाणी चालेल. तिशीनंतरच्या माणसांची साखर तिथं फुकट तपासतात. शिरेतून रक्त घेऊन उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आली, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त आली, तर डायबेटिस. एकदा आलेला आकडा डॉक्टर दुसऱ्यांदा तपासून पक्का करतील. सासूबाईंनाही सोबत ने. न्हाणी त्याही वापरतात, मुंग्या कुणाच्या ते आकडाच सांगेल. साखर कुणाचीच निघाली नाही तरी हेलपाटा वाया जात नाही, कारण तुझी आतली तपासणी कुठल्याही परिस्थितीत करायचीच आहे.

ती तपासणी विट्याला नाहीतर सांगली-मिरजेला बाई डॉक्टरकडे कर. आधीचे दोन-तीन दिवस आत काही घालायचं नाही, धुवायचं तर नाहीच. डॉक्टर आत बघून स्राव काचपट्टीवर घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते. नुसत्या रंगावरून मी काय, त्याही पक्कं सांगणार नाहीत. त्याच बैठकीत गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणीही करून घे. पातळ अॅसिटिक अॅसिड लावून मिनिटभरानं बघतात, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. तुझ्या वयात ती राहून गेलेली असणारच.

पाचवी गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही. वारंवार होणाऱ्या बुरशीला एका गोळीचा हिशेब पुरत नाही. डॉक्टर बहुधा पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी गोळी देतील किंवा सात ते चौदा रात्री आत ठेवायच्या गोळ्या, आणि गरज पडली तर पुढं सहा महिने आठवड्याला एक. पाळी चुकली असेल तर ते आधी सांग, गरोदरपणात ती तोंडावाटे घ्यायची गोळी चालत नाही. डायबेटिसची औषधं सुरू झालीच तर लिहून देणाऱ्याला खाजेचं आणि या गोळीचं दोन्ही सांग. साखरेच्या काही गोळ्यांबरोबर ती घेतली की साखर एकदम खाली जाते. ग्लिफ्लोझिन नावानं संपणाऱ्या गोळ्या तर साखर मुद्दाम लघवीवाटे काढतात, म्हणजे बुरशीला आयतं ताट.

राहिले मालक. ते चैत्रात येऊन गेले, तुझा त्रास आषाढात सुरू झाला. बुरशीला परपुरुष लागत नाही, परमुलूखही लागत नाही. हिरवट-पिवळा, फेसाळ, घाण वासाचा स्राव असता तर गोष्ट वेगळी होती. त्यात नवरा-बायको दोघांनाही औषध घ्यावं लागतं आणि विचारणं भागच पडतं. तुझ्या पत्रात त्यातलं एकही लक्षण नाही. जावेचं एक वाक्य आहे, तेवढ्यावर तू तीन आठवडे त्या माणसाचा फोन वाजू दिलास.

रक्त देऊन घरी आलीस की फोन लाव. तूच लाव. त्यांच्या आईची साखर तपासायला दिलीय, हे त्यांनाही कळायला हवं.