18 महिन्यांचा डीए

"बुडालेला डीए गेलाच. आता पुढेही असंच होत राहणार का?" कोविडकाळात गोठवलेल्या डीएबद्दल, म्हणजे महागाई भत्त्याबद्दल, निवृत्त सरकारी कर्मचारी हा प्रश्न मला वारंवार विचारतात. त्यातलेच हे काका. 2014 मध्ये केंद्राच्या नोकरीतून निवृत्त झालेले, सहकारनगरचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) त्यांना काकूच घेऊन आल्या. काकांना झोप नाही, सतत चिडचिड आणि टिळक रोडवर जुन्या सहकाऱ्यांबरोबर व्हायचा रविवारचा नाश्ताही बंद. बिलातला आपला वाटा परवडणार नाही, ही धास्ती.

काकांनी खर्चाची वही आणली होती. दूध, गॅस, मेंटेनन्स, बीपीच्या गोळ्या, सगळं तारीखवार. बुडालेल्या डीएचा आकडा मात्र कुठेच नव्हता.

"किती बुडाले असतील, काका?"

"लाखभर तरी."

मग आम्ही तिथेच हिशेब मांडला. कोविडमुळे एप्रिल 2020 मध्ये केंद्रानं डीएचे जानेवारी 2020 पासूनचे तीन हप्ते गोठवले. दर 17 टक्क्यांवर थांबला, जुलै 2021 पासून एकदम 28 टक्के झाला. मधल्या काळाचा फरक मात्र दिला नाही. काकांची मूळ पेन्शन 20,000. पहिले सहा महिने 4 टक्के कमी मिळाले, पुढचे सहा महिने 7 आणि शेवटचे सहा 11. म्हणजे 4,800, 8,400 आणि 13,200. एकूण 26,400.

"म्हणजे दर कायमचा कमी झाला नाही?"

नाही झाला. पण 26,400 ही पेन्शनरसाठी लहान रक्कम नाही, आणि ऐन औषधपाण्याच्या काळात ती हातात आली नाही. "सोडून द्या हो बाबा" असं मुलगा म्हणायचा, ते काकांना फार लागलं होतं. घरच्यांनी असं म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. राग रास्त आहे, तो ऐकून घ्यावा.

खरी भीती मात्र नंतर बाहेर आली. "मी गेल्यावर हिचं काय?" काकूंना फॅमिली पेन्शनचं काहीच माहीत नव्हतं. काकांचा शेवटचा बेसिक आजच्या वेतनश्रेणीत 40,000 धरला, तर 30 टक्क्यांनी 12,000 होतात, वर डीए. काकूंनी ते स्वतःच्या हातानं वहीत लिहून घेतलं. 2029 मध्ये 15 वर्षं पूर्ण झाली की कम्युटेशनची (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याबद्दलची) कपात थांबेल, हेही खाली लिहिलं.

काका आता नाश्त्याला जातात. फरकाच्या मागणीसाठी संघटनेच्या निवेदनावर त्यांनी सहीही केली आहे.